सामूहिक भरतकामाचा भित्तिपट (पुणे): कापड, दोरे, जोड आणि कामाची वाटणी

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. पेठेतल्या एका वाचनालयाच्या जिन्यालगतच्या भिंतीसाठी भरतकामाचा पट करायचं ठरलंय. विषय मुठा नदी आणि तिच्या काठचं पुणं. बारा तुकडे आहेत: खडकवासला, पर्वती, लकडी पूल, ओंकारेश्वर, शनिवारवाडा, कसबा गणपती, भिडे वाडा, विश्रामबाग वाडा, मंडई, पालखी, पानशेतचा पूर आणि शेवटी संगम. प्रत्येक तुकडा तयार झाल्यावर ४० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच. बाराही शेजारी-शेजारी जोडून एकच पट होणार आणि खालून सहा सेंमीचा नदीचा पट्टा पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड वाहणार. चित्राखाली देवनागरीत नाव, पुराच्या तुकड्यावर तारीखसुद्धा: १२ जुलै १९६१.

भरणारे सव्वीस जण आहेत, त्यातल्या आठ-नऊ जणांचा हात चांगला आहे. बाकीचे धावदोरा आणि साखळी टाक्यापर्यंत.

कापड कोणतं आणि किती घ्यायचं, दोऱ्याचा अंदाज कसा काढायचा, चित्र कापडावर कसं उतरवायचं, हे विचारायचं आहे. आणि वाटणीचा प्रश्न. गटात एक काकू आहेत, आयुष्यभर भरतकाम केलेल्या. सगळ्यांचं म्हणणं असं की शनिवारवाडा त्यांनाच द्यावा, म्हणजे सगळ्यात देखणं काम बरोबर नजरेत भरेल. पटतंय का?

उलटीटीप

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

काकूंना शनिवारवाडा देऊ नका. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा हे सगळं सरळ रेघांचं आणि मोठ्या भागांचं काम आहे. काळजीपूर्वक भरणारं कुणीही ते नीट करेल. काकूंना जोड द्या. बारा तुकडे म्हणजे अकरा जोड, आणि अकराही ठिकाणी नदी एका हातातून दुसऱ्या हातात जाणार. भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस आडवी नजर फिरवतो. जिथे पाणी तुटतं, तिथे ती अडकतेच.

फ्रान्समधला बायोचा पट सगळ्यांना ऐकून माहीत असतो. लिननवर लोकरीचं भरतकाम, सुमारे ७० मीटर लांब, नऊ तुकडे जोडून केलेला. त्याच्या पहिल्या जोडाशी किनारीची रेघ नीट जुळलेली नाही आणि ती चूक आजही दिसते. पुढचे जोड मात्र शोधावे लागतात. त्या काळच्या कसबी हातांनासुद्धा पहिला जोड चकवून गेला, तर सव्वीस जणांच्या कामात हे आपोआप जुळेल असं धरून चालू नका.

करायचं असं. प्रत्येक तुकड्यात नदीच्या पट्ट्याचा डावीकडचा आणि उजवीकडचा शेवटचा दोन सेंमी भाग कोरा सोडायचा. क्षितिजाची रेघ, झाडाची फांदी, पुलाचा कठडा, जे जे शेजारच्या तुकड्यात जातं त्या सगळ्याला हाच नियम. बाराही तुकडे भरून झाले की शिवण घालायची, शिवणीची दोन सेंमी माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, दोन्ही बाजूंना उघडून इस्त्रीने दाबायची, आणि मग तो चार सेंमीचा कोरा भाग शिवणीवरून काकूंनी भरायचा. अकराही ठिकाणी एकच हात. शिवणीपाशी कापड दुहेरी होतं, तिथे सुई एक नंबर जाड घ्यावी लागते, नाहीतर दोरा भोकात घासून पिसारतो.

त्यांच्याकडे आणखी दोन कामं ठेवा: सगळे चेहरे-हात, आणि नमुन्याचं कापड. त्या कापडाबद्दल सवडीने लिहिते.

भिंतीवरचा

कापडाचं सांगतो. केसमेंट घ्या, सुती, विणीने घट्ट, रंग कोरा किंवा मळकट पांढरा. मांजरपाट स्वस्त पडतो, पण जड भरतकामाखाली तो लोंबतो आणि वीण सरकते. खादी दिसायला सुरेख, पण तिच्या सुतातल्या जाड-बारीक गाठींमुळे नवशिक्यांचे टाके वाकडे पडतात.

हिशोब: तयार माप ४० बाय ६०. चारी बाजूंनी दहा सेंमी जादा ठेवा, म्हणजे कापायचा तुकडा ६० बाय ८०. फ्रेमवर ताणायला एवढं लागतंच. ५४ इंची पन्हा घेतलात तर १३७ सेंमी रुंदी मिळते. धुतल्यावर थोडी आटेल, दोन्ही काठ कापून टाकायचे, तरी शेजारी-शेजारी दोन तुकडे बसतात आणि सरावाला एक पट्टी उरते. दोन-दोनच्या सहा लांब्या म्हणजे ४.८० मीटर. आटण्यासाठी आणि नमुन्याच्या कापडासाठी धरून सहा मीटर घ्या. सगळं एकाच ताग्यातून. दुसऱ्या ताग्याचा पांढरा रंग दुकानात सारखा वाटतो आणि भिंतीवर वेगळा दिसतो.

कापायच्या आधी धुणं सक्तीचं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा म्हणजे खळ सुटते, सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबण, नीळ आणि शुभ्र करणाऱ्या पावडरी नकोत. सावलीत वाळवून ओलसर असतानाच इस्त्री. खळ राहिलेल्या कापडाला कसर लागते, आणि न धुता भरलेलं कापड पुढे कधी ओलं झालं की दोऱ्यांच्या आजूबाजूला आक्रसतं.

आणि सगळे तुकडे उभ्या सुताच्या दिशेने सारखेच कापा. एखादा आडवा कापला गेला तर तो वेगळा ताणतो. कापताक्षणी प्रत्येकाच्या वरच्या मायेत काळ्या दोऱ्याने बाण भरून ठेवा.

सहापदरी

दोऱ्याचा अंदाज असा निघतो.

सहा पदरी लडी आठ मीटरची असते. दोन पदर वापरले की तिच्यातून २४ मीटर भरायचा दोरा मिळतो. दोन पदर शेजारी-शेजारी बसले की साधारण पाऊण मिलिमीटर जागा झाकतात, म्हणजे एका सेंमीत सुमारे १४ ओळी.

आता नदीचा पट्टा ४८० सेंमी लांब, ६ सेंमी उंच. भरीव टाक्याने भरलात तर जेवढा दोरा पुढे तेवढाच मागे जातो. लांबीच्या एका सेंमीला १४ ओळी गुणिले ६ सेंमी, गुणिले दोन, म्हणजे १६८ सेंमी. अख्ख्या नदीला ८०० मीटरच्या पुढे, वाया जाणारा पाचवा हिस्सा धरून जवळपास ४० लड्या.

तेच बायोच्या पटात वापरलेल्या पद्धतीने केलंत तर निम्म्यावर येतं. त्यात दोरा कापडावर नुसता पसरायचा: एका कडेला खाली गेला की त्याच कडेला लागून वर काढायचा, त्यामुळे मागे जवळपास काहीच जात नाही. मग वरून आडवे दोरे टाकून ते बारीक टाक्यांनी बांधायचे. या हिशोबाने नदीला २२ लड्या. वरच्या आडव्या दोऱ्यांचं वेगळं धरून २५ घ्या.

निळ्याच्या तीन छटा असतील तर प्रत्येक छटेच्या सगळ्या लड्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या घ्या. शेड नंबर तोच असला तरी रंगवणीची खेप बदलली की छटा किंचित हलते. एकट्या फुलात कळत नाही, पावणेपाच मीटर पाण्यात लगेच कळतं. तुळशीबागेत एखाद्या दुकानात एवढ्या लड्या एकदम नसतील, आधी सांगून मागवून ठेवाव्या लागतात. रविवार पेठेत बोहरी आळीतही विचारा.

उलटीटीप

सहापदरींनी सुचवलेली पद्धत नदीला अगदी योग्य आहे, एक महत्त्वाची भर घालते.

पसरायचे दोरे उभे टाका, नदीच्या वाहण्याला काटकोनात. सगळ्यांची पहिली इच्छा आडवे टाकायची असते, कारण पाणी आडवं वाहतं. पण आडव्या दोऱ्याचं टोक प्रत्येक जोडाशी येतं आणि तिथे उभी भेग दिसते. उभे टाकलेले दोरे जोडाशी फक्त शेजारी-शेजारी बसत जातात, टोक कुठेच येत नाही. वाहण्याचा भास वरच्या आडव्या दोऱ्यांनी द्यायचा. ते किंचित लहरी, पाच ते आठ मिलिमीटर अंतरावर, दर चार-पाच मिलिमीटरला एक बारीक आडवा टाका घालून बांधलेले. बांधायचे टाके विटांच्या रचनेसारखे एकाआड एक, एकाखाली एक नकोत.

तुकडा भरणाऱ्याने या लहरी जोडाच्या अलीकडे थांबवायच्या, पण सगळ्या एका रेषेत नको. एक दोन सेंमीवर, दुसरी साडेतीनवर, तिसरी अडीचवर. काकू पुढची लहर त्याच्या अलीकडून सुरू करतील तेव्हा हात बदललेला दिसणार नाही.

दुसरं म्हणजे चमक. सुती दोऱ्याला झाक असते, त्यामुळे एकाच लडीतला दोरा उभा भरला तर एक छटा, आडवा भरला तर दुसरी. जिन्यातला उजेड एका बाजूने येतो म्हणजे हे आणखी ठळक होणार. म्हणून प्रत्येक चित्रावर टाक्याची दिशा बाणांनी दाखवलेली हवी: भिंत उभी, छप्पर उताराच्या दिशेने, डोंगर चढणीच्या दिशेने. दिशा न ठरवता वाटलेलं काम रंग जुळूनही जुळलेलं दिसत नाही.

डावखुरी

उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. एक विचारायचं आहे. आमच्यासारख्या डावखुऱ्यांचा देठटाका उलटा पडतो, बाकीच्यांशी जुळत नाही. पुलाच्या रेघा आणि वेली दोन-तीन जणांत वाटलेल्या असतील तर काय करायचं?

उलटीटीप

उजव्या हाताने देठटाका डावीकडून उजवीकडे भरतात आणि दोरा सुईच्या खालच्या बाजूला ठेवतात. डावखुरी व्यक्ती उजवीकडून डावीकडे भरते, आणि दोराही खालीच ठेवला तर पीळ उलटा पडतो. डावखुऱ्यांनी दोरा सुईच्या वर ठेवायचा, एवढंच. मग पीळ हुबेहूब जुळतो. नमुन्याच्या कापडावर दोन्ही हातांचे देठटाके शेजारी भरून ठेवा, शंका राहणार नाही.

आता नमुन्याचं कापड. ६० बाय ४० चा तुकडा घेऊन त्यावर पटात वापरायचा प्रत्येक टाका, प्रत्येक जाडीत, काकूंनी भरायचा: देठटाका दोन पदरी आणि तीन पदरी, साखळी, उलटी टीप, भरीव टाका, लांब-आखूड, नदीची पद्धत, गाठीचा टाका. बाजूला कापडावरच पेनने सुईचा नंबर, पदर, टाक्याची लांबी. दोन पदरांना नऊ नंबरची सुई, तीन पदरांना सात. देठटाक्याची लांबी चार मिलिमीटर, वळणावर अडीच. ज्याला काही विचारायचं आहे त्याने आधी ते कापड बघायचं.

टाक्यांची संख्या सात-आठवर थांबवा. इंग्लंडमधल्या केंडलला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचा ७७ तुकड्यांचा पट आहे. १९८१ ते १९९६ या काळात १५ देशांतल्या चार हजारांहून जास्त लोकांनी तो भरला आणि टाके मोजकेच ठेवले. अक्षरांसाठी तर त्यांनी एक खास टाका बसवला. इतक्या हातांचं काम एका घरातलं वाटतं ते त्यामुळे.

गवंती

थोडं असहमत. स्कॉटलंडचा मोठा पट १६० तुकड्यांचा, सुमारे एक हजार लोकांनी भरलेला, २०१३ साली पूर्ण झाला आणि आता गॅलाशिल्सला कायमचा मांडलेला आहे. त्यात आराखडा एका चित्रकाराचा, पण टाके निवडायची मोकळीक भरणाऱ्यांना होती, आणि त्यामुळेच त्याच्याजवळ जाऊन बघावंसं वाटतं. सगळ्यांना सात टाक्यांत बांधलं तर ज्यांचा हात तयार आहे त्यांचा जीव त्यात रमणार नाही.

माझी सूचना: नदी, आकाश, जमीन आणि अक्षरं यांना नियम ठरवून द्या. बाकी चित्राच्या आत मोकळं सोडा. पर्वतीच्या पायऱ्यांना कसुतीतला, म्हणजे कर्नाटकी भरतकामातला, मुर्गी टाका वापरा, तो मुळातच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. मंडईतल्या बाईच्या लुगड्याच्या काठाला कसुतीतलाच गवंती टाका. पालखीच्या तुकड्यात पताकांना साखळी टाका.

फक्त कसुतीला सुतं मोजावी लागतात आणि केसमेंटची सुतं मोजणं डोळ्यांना जड जातं. तेवढ्या भागावर मोजायची सुटी जाळी, म्हणजे वेस्ट कॅनव्हास, टाचून घ्या. एका इंचात १४ घरांची पुरते. भरताना सुई जाळीच्या भोकातूनच घाला, जाळीच्या दोऱ्यातून नको, नाहीतर शेवटी तो दोरा निघत नाही. भरून झालं की जाळी ओलसर करून एकेक दोरा चिमट्याने ओढायचा, आधी सगळे आडवे, मग उभे. कसुतीत गाठ नसते, सुरुवातीचं टोक परतीच्या टाक्यांत गुंडाळा.

उलटीटीप

गवंती, ही विभागणी मला मान्य आहे. जे जोडाला शिवतं तिथे नियम, आतल्या चित्रात मोकळीक. मुर्गीची कल्पना फार आवडली.

एकच अट: मोकळ्या भागातही टाका सात-आठ मिलिमीटरपेक्षा लांब सुटा ठेवू नका. जिन्यालगतची भिंत आहे, येता-जाता पिशव्या, बांगड्या, अंगठ्या लागणार.

मुठाकाठ

किती नेमकं लिहिताय सगळे, मनापासून धन्यवाद. जोडांचं काकूंना विचारलं, त्या लगेच तयार झाल्या. चित्र उतरवायचं आणि अक्षरांचं कुणी सांगेल का? अक्षरं संगणकावर काढून छापून घ्यावीत असा विचार आहे.

शिरोरेघ

अक्षरांचं मी सांगते, कारण देवनागरी भरताना नेमकं काय बिघडतं ते कुठे लिहिलेलं सापडत नाही.

संगणकावरून घेणार असाल तर आधी ल आणि श बघा. बरेचसे फॉन्ट हिंदी वळणाचा ल आणि श देतात. 'लकडी पूल' आणि 'विश्रामबाग' ही दोन्ही नावं पुण्याच्या वाचनालयात मराठी वळणानेच हवीत. मराठी वळण असलेला फॉन्ट निवडा किंवा चांगल्या हस्ताक्षराच्या माणसाकडून बारा नावं एका हाताने लिहून घ्या. दुसरं जास्त चांगलं.

उंची: शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत अडीच सेंमी. त्याहून लहान केलंत तर 'श्र' आणि 'श्व' यांच्या आतल्या पोकळ्या दोऱ्याने बुजतात. 'विश्रामबाग वाडा' सगळ्यात लांब नाव आहे, ते ३० सेंमीत बसतं का हे पहिल्यांदा तपासा आणि त्यावरून सगळ्यांची उंची ठरवा. 'पानशेतचा पूर' आणि तारीख दोन ओळींत घ्या.

टाका: तीन पदरी उलटी टीप, मग त्याच रंगाच्या दोऱ्याने तिला वेढे. नुसती टीप ठिपक्याठिपक्यांची दिसते, वेढे दिल्यावर सलग दोरीसारखी होते. सरळ दांडीला टाका तीन मिलिमीटर, 'ल', 'क', 'र' यांच्या वळणांना दीड ते दोन. वळणावर लांब टाका पडला की गोलाईला कोपरे येतात. वेढे देताना बोथट सुई घ्या आणि ती कापडात घालू नका.

शिरोरेघ सगळ्यात शेवटी. आधी अक्षरं वरून खाली भरायची आणि शिरोरेघेच्या ओळीवर बरोबर संपवायची. मग जाड पर्ल दोरा (पिळाचा, पदर न सुटणारा) त्या ओळीवर आडवा ठेवून दर चार मिलिमीटरला एक पदरी टाक्याने बांधायचा. टिपेने भरलेली शिरोरेघ कितीही जपलं तरी लाटेसारखी होते, आडवा ठेवलेला दोरा ताणून धरता येतो म्हणून सरळ राहतो. 'भिडे वाडा'मधल्या भ वर शिरोरेघ तुटते हे विसरू नका. तिथे दोरा खाली घेऊन, अंतर सोडून पुन्हा वर काढायचा. एका दमात आडवी नेली तर भ चा म वाचला जातो.

अनुस्वाराला गाठीचा टाका, तीन पदर, दोन वेढे. एका वेढ्याची गाठ भिंतीवर गेल्यावर दिसतच नाही, तीन वेढ्यांची कलंडते. 'मंडई', 'संगम', 'ओंकारेश्वर' तिन्ही ठिकाणी गाठ एकाच माणसाकडून घालून घ्या.

भिंतीवरचा

चित्र उतरवण्याचं. रविवार पेठेत आणि तुळशीबागेच्या आसपास साडीवर नक्षी छापून देणारे खाका टोचून काम करतात. बटर पेपरवर चित्र, रेघेवर सुईने दीड-दोन मिलिमीटरवर भोकं, मागची बाजू बारीक सँडपेपरने घासून भोकं मोकळी करायची. मग रॉकेलमध्ये नीळ कालवून कापसाच्या बोळ्याने वरून पुसतात. रॉकेल उडून जातं, निळे ठिपके राहतात. हे तुमच्या कामाला सगळ्यात बरं, कारण नदीची वरची-खालची रेघ एकाच खाक्याने बाराही तुकड्यांवर उतरवता येते आणि जोडाशी एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही. बोळा नुसता ओलसर हवा. पिळला तर थेंब पडेल इतका भिजलेला असेल तर ठिपके पसरतात आणि तेलकट कडा राहते. आधी सरावाच्या पट्टीवर छापून एक दिवस थांबा.

नदीच्या खाक्याला दोन्ही टोकांना शिवणीच्या रेघेवर अधिक चिन्ह टोचा. शिवताना दोन तुकड्यांची ती चिन्हं एकमेकांवर टाचणीने जुळवायची.

पाण्याने जाणारं निळं पेन वापरणार असाल तर पेनच्या खुणा असताना इस्त्री फिरवू नका, रंग पक्का बसतो. इस्त्रीच्या उष्णतेने जाणारी पेनं अजिबात नकोत, थंडीत त्यांची रेघ परत उमटू शकते. पिवळा कार्बनही टाळा, मळकट पांढऱ्यावर नीट दिसत नाही म्हणून लोक दाबून गिरवतात आणि मग तो निघत नाही.

नवी_सुई

रिंग वापरायची की लाकडी फ्रेम? आणि कापडाला चुण्या पडतात त्या कशामुळे?

सहापदरी

चुण्यांची कारणं तीन: कापड रिंगमध्ये सैल, दोरा गरजेपेक्षा ओढलेला, किंवा मागून दोरा लांब नेऊन आवळलेला. टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज येईल इतकं कापड ताणलेलं हवं.

एवढ्या मोठ्या तुकड्यांना चौकोनी लाकडी फ्रेमच चांगली. सव्वीस जणांच्या सव्वीस रिंगा म्हणजे सव्वीस प्रकारचा ताण. चार फ्रेम करून घ्या, एका वेळी चार तुकडे ताणा, एका फ्रेमवर समोरासमोर दोघं बसतील. घरी न्यायचं असेल तरच रिंग, तीही सात-आठ इंची, आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळलेली. उठताना रिंग काढून ठेवायची. गाठीच्या टाक्यांवर रिंग चढवली की त्या चेपतात त्या चेपतातच.

दोरा ४५ सेंमीपेक्षा लांब नको. पदर एकेक करून ओढून वेगळे करा आणि पुन्हा जुळवा. लडीतून थेट दोन पदर खेचले तर ते एकमेकांत पिळलेले राहतात आणि भरीव टाका खडबडीत दिसतो. मागून एक सेंमीपेक्षा जास्त उडी मारायची नाही. काळा किंवा मरून दोरा केसमेंटमधून पुढे सावलीसारखा दिसतो.

आणि रंग जातो का ते विकत घेतल्या दिवशी तपासा. विशेषतः लाल, मरून, गडद निळा. ओल्या पांढऱ्या कापडात दोरा गुंडाळून वरून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर ती लडी पटात नको. धुऊन वापरू म्हणू नका, पुढे कधीतरी ओल येणारच.

गवंती

उसवण्याचा नियम आधीच ठरवा, नाहीतर मनं दुखावतात. माझ्या मते तीनच कारणांसाठी उसवावं: कापड चुरगळलंय, मागचा गडद दोरा पुढे दिसतोय, किंवा छटा चुकली आहे. टाका जरा असमान आहे एवढ्यावर उसवू नये. आणि उसवायचं ते ज्याचं त्याने. जाणत्या हाताने दुसऱ्याचं काम गुपचूप काढून पुन्हा भरणं ही सामूहिक कामातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पुढच्या वेळी तो माणूस येत नाही.

उलटीटीप

पूर्ण सहमत. काकूंनाही हे आधी सांगा. तयार हाताला दुसऱ्याचा वाकडा टाका बघवत नाही. त्यासाठी एक सोय करता येते: प्रत्येक तुकडा सुरू होताना पहिला तासभर काकूंनी त्या फ्रेमपाशी बसायचं. पहिले दहा-बारा टाके जुळले की पुढचं बहुतेक जुळतं. त्यानंतर त्या फ्रेमकडे जोडाच्या वेळीच.

उसवताना टाके मागच्या बाजूने मधोमध कापा आणि चिमट्याने काढा, पुढून दोरा उपसू नका. राहिलेली भोकं ओलसर बोटाने आणि नखाने आडवी-उभी घासली की केसमेंटची वीण पुन्हा मिटते.

तुकडा पूर्ण झाला की फ्रेमवरून काढून ताणून घ्या. सॉफ्टबोर्डवर ओला टॉवेल, त्यावर तुकडा सुलटा, चारी कडा सुताच्या रेषेत धरून दर दोन सेंमीला न गंजणारी टाचणी, वरून पाण्याचा फवारा, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यात याला दोन दिवस लागतात. किरकोळ चुण्या यात जातात. इस्त्री लागलीच तर उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून.

मुठाकाठ

टांगण्याचं काय? वरून नळी घालून दांडीला लटकवावं असं म्हणतात. काच लावावी का? आणि काम चालू असताना तयार तुकडे कुठे ठेवायचे, मधे पावसाळा येतोय.

भिंतीवरचा

दांडीला लटकवलेला पावणेपाच मीटरचा पट मधे झोल खातो. वेल्क्रो वापरा. मऊ पट्टी आधी पाच सेंमी रुंद सुती नवारीवर मशीनने शिवायची, मग ती नवार पटाच्या वरच्या दुमडीला हाताने. खरबरीत पट्टी लाकडी पट्टीवर खिळ्यांनी, ती पट्टी वॉर्निश लावून पूर्ण सुकलेली. पटाचा भार सगळ्या लांबीवर सारखा पडतो, आणि आग-पाणी झालं तर दोघं जण मिनिटात खाली ओढून काढू शकतात.

मागे अस्तर हवंच, तेही आधी धुतलेलं सुती. वर आणि दोन्ही बाजूंना शिवा, खाली मोकळं ठेवा. पुढचं कापड आणि अस्तर दमट हवेत सारखं ताणत नाहीत. खाली शिवलं तर पावसाळ्यानंतर पट पिशवीसारखा फुगतो. अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात सव्वीस नावं, दोऱ्यांचे शेड नंबर आणि वर्ष लिहिलेली कापडी पट्टी शिवा. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला तीच लागते.

काच टाळा. लावायचीच तर कापडाला चिकटू नये, मधे किमान सहा-सात मिलिमीटरची फट हवी, नाहीतर ओल धरून बुरशी येते. उजेडाबद्दल: संग्रहालयांत कापडासाठी ५० लक्सच्या आत ठेवतात. जिन्यात तेवढं जमणार नाही, पण पश्चिमेची खिडकी समोर असेल तर तिला जाड पडदा लावाच. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन लाल आणि गुलाबी आधी खातं.

तयार तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत नकोत. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेली मलमल गुंडाळा, तिच्यावर तुकडा सुलटी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वरून पुन्हा मलमल. घडी घातली तर घडीवर दोरे मोडतात. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, पण कापडाला टेकू देऊ नका. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी कोरड्या दिवशी उघडून तासभर पंख्याखाली ठेवा.

नवी_सुई

हातांना घाम येतो त्याला काय करावं? टाल्कम पावडर चालेल का?

सहापदरी

पावडर नको, ती दोऱ्यात बसते आणि पुढे राखाडी दिसते. साबणाने हात धुऊन कोरडे करा, क्रीम लावू नका, शेजारी ओला नॅपकिन आणि कोरडा नॅपकिन दोन्ही ठेवा. मेंदी ताजी असेल तर चार दिवस फ्रेमला हात नको. हळदीकुंकवाचं बोट तर अजिबात नको. आणि ज्या भागावर काम चालू नाही तो स्वच्छ कापडाने झाकून टाचून ठेवा, सगळ्यात जास्त मळतं ते मनगट टेकण्याच्या जागी.

मुठाकाठ

ठरलेलं लिहून टाकते, काही चुकत असेल तर सांगा. ५४ इंची केसमेंट सहा मीटर, एकाच ताग्यातून, धुऊन मग कापायचं. निळ्या तिन्ही छटांच्या मिळून २५ लड्या एकदम. नदी उभ्या दोऱ्यांनी, लहरी नंतर. चार फ्रेम. नावं एका हाताने लिहून घ्यायची. शनिवारवाडा दोन नवीन मुलींना देतेय. काकूंकडे नमुना, चेहरे-हात, अकरा जोड. सुरुवात कोणत्या तुकड्याने करावी?

उलटीटीप

सगळं बरोबर आहे. सुरुवात एका तुकड्याने करू नका, शेजारच्या दोन तुकड्यांनी करा. लकडी पूल आणि ओंकारेश्वर घ्या. दोन्हीतली फक्त नदी आधी भरा, वरचं चित्र कोरंच राहू दे. ते दोन तुकडे फ्रेमवरून काढून शिवा आणि काकूंकडून तो एक जोड भरून घ्या. सहा फुटांवरून जोड दिसला तर लहरींचं अंतर किंवा कोरा सोडलेला भाग बदलता येईल, बाकी दहा तुकडे अजून कोरेच असतील. जुळला तर ते दोन तुकडे तसेच जोडलेले मोठ्या फ्रेमवर ताणून वरची चित्रं भरा. त्यासाठी चारांतली एक फ्रेम आतून किमान एक मीटर रुंदीची करून घ्या, सुताराला आत्ताच सांगा.

मुठाकाठ

सांगते. चारपैकी एक मोठी.